भिंतीवरची डावखुरी

ऑफिसात तिला सगळे कारणबाई म्हणत. नाव ठेवलं होतं प्रोग्रामरने, चेष्टेने, पण ते चिकटलं ते चिकटलंच. तिचं काम अ‍ॅप बनण्याआधीचं. घरसामानाचं एक मोठं दुकान होतं, त्यांना मोबाइलवर विक्री सुरू करायची होती, आणि त्या अ‍ॅपमध्ये काय हवं आणि काय नको हे आधी ठरवून भिंतीवर चिकटवायचं, मग प्रोग्रामरने ते बांधायचं. आता असं काम निघालं की जो तो मागण्या घेऊन येतो. दुकानाच्या मॅनेजरबाईंना उघडल्या उघडल्या सेलचा फलक हवा होता. साहेबांना तर दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये दिसेल ते सगळंच हवं असायचं. कारणबाई शांतपणे ऐकून घ्यायची आणि विचारायची, का? उत्तर आलं की पुन्हा, ते का? कारण पटल्याशिवाय एक चिठ्ठी भिंतीवर चढायची नाही. साहेबसुद्धा तिच्यापुढे येताना घरून अभ्यास करून येत.

तिची आणखी एक खोड होती. अ‍ॅप कुणासाठी करतोय हे विसरायला होऊ नये म्हणून अशा ऑफिसांत चार-पाच ग्राहक कल्पनेने उभे करतात, त्यांची चित्रं भिंतीवर लावतात आणि येईल ती मागणी त्यांच्यावर घासून बघतात. या आजोबांना एवढी बारीक अक्षरं दिसतील का, या कॉलेजकुमाराला एवढा धीर असेल का, असं. बाकीचे लोक हे ग्राहक हवेतून काढतात, म्हणून ते सगळे एकजात गुळगुळीत निघतात. कारणबाईला ते खपत नसे. ती माणसं खऱ्यातून उचलायची. भिंतीवरचे चष्मा विसरणारे आजोबा म्हणजे तिच्या बसस्टॉपवरचे शेजारी. आणि भिंतीवरची डावखुरी म्हणजे तिच्या घरातली धाकटी.

धाकटी ही काही तिची सख्खी बहीण नव्हे. कारणबाईची आई नर्स होती, आता निवृत्त झालेली. नोकरीच्या शेवटच्या वर्षात एक मुलगी वॉर्डात यायची. एकदा मनगट मोडून आली, एकदा बरगडी. दोन्ही वेळा म्हणे जिन्यावरून पडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कडेवर लेक होती, आणि त्या वेळी आईने तिला जिना कुठला हे विचारलंच नाही. ड्यूटी संपल्यावर दोघींना मागच्या दाराने बाहेर काढलं, दोन गावं ओलांडून घरी आणलं आणि मागची खोली दिली. तेव्हापासून ती धाकटी. पोरीचं नाव चिमणी. ती आईला आजी आणि कारणबाईला मावशी म्हणायची, आणि मावशीचं बघून बघून उठता-बसता खणखणीत आवाजात का, का, का करून सगळ्यांच्या नाकी नऊ आणायची.

नवऱ्याबद्दल धाकटी फार बोलत नसे. नाव घेत नसे, फोटो तर बरोबर आणलाच नव्हता. त्याचा मालाच्या ट्रकचा धंदा आहे, एवढं कारणबाईला ठाऊक होतं. आणि बेलचं ठाऊक होतं. घरी आला की तो बेलवरचं बोट उचलायचा नाही. दार उघडेपर्यंत दाबून धरायचा, आणि उघडायला जितका वेळ लागेल त्याचा हिशेब मग आत आल्यावर चुकता करायचा. धाकटी घरात आली त्या आठवड्यात कुणीतरी बेल वाजवली आणि ही बाई पोरीला घेऊन कपाटात जाऊन बसली. आईने त्याच दिवशी बेलची वायर तोडून टाकली. बटण राहिलं दाराबाहेर, अजून कुणी विसरून दाबलं तर नुसतं कट् करून आत जायचं आणि कट् करून वर यायचं. घरच्यांची खूण ठरली ती वेगळी. दोनदा टकटक, थोडं थांबून एकदा. ती ऐकली की चिमणी आपलं माणूस, आपलं माणूस म्हणत दाराकडे पळायची.

तर ही धाकटी कारणबाईने भिंतीवर लावली. वाईट हेतू नव्हता हो, उलट तिला धाकटीचं फार कौतुक. चित्र काढणाऱ्या मुलीने पाठमोरी बाई काढली, लांब वेणी, डाव्या हातात कात्री. खाली कारणबाईने लिहिलं की ही घरी बसून कपडे दुरुस्त करते, हिला डाव्या हाताची कात्री कुठल्याच दुकानात मिळत नाही, वासाच्या साबणाने हिच्या अंगावर पुरळ उठतं म्हणून बिनवासाचाच घेते, एक लहान मुलगी आहे. आणि मोठ्या अक्षरांत तिची सूचना: बेल वाजवू नका. दोनदा टकटक, थोडं थांबून एकदा. ही सूचना सगळ्यांना इतकी आवडली की त्यावरून अ‍ॅपमध्ये पार्सल आणणाऱ्यासाठी खास सूचना लिहायची एक चौकटच मंजूर झाली. धाकटीला विचारायला हवं, असं कारणबाईच्या मनात एकदा आलं होतं. पण नाव नाही, गाव नाही, चेहरासुद्धा नाही, कोण ओळखणार, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

एका दुपारच्या बैठकीला नवीन माणूस होता तो पार्सल पोहोचवण्याचा ठेकेदार. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, खुर्ची कमी पडली तर स्वतः शेजारच्या खोलीतून आणणारा. साहेबांनी मोठ्या हौसेने ओळख करून दिली. ही आमची कारणबाई, म्हणाले, हिच्यापुढे कुणाची मागणी कारणाशिवाय पास होत नाही, प्रश्न विचारून विचारून जीव खाते. ठेकेदार हसला आणि म्हणाला की असंच माणूस पाहिजे. मॅनेजरबाई तर त्याच्यावर खूषच झाल्या.

आणि खरं सांगायचं तर कारणबाईलाही तो आवडला. तो एकटाच असा होता की मागणीबरोबर कारण घेऊन आला होता. गाडी निघाल्यावर लोक पत्ता बदलतात आणि गाडीवरच्या पोरांची फरफट होते, त्याचं काय केलंत, म्हणून त्याने विचारलं. कारणबाईने अभिमानाने सांगितलं की ते गेल्या आठवड्यातच ठरलंय. पार्सल एकदा निघालं की पत्ता कुलूपबंद. नंतर कुणालाही बदलता येणार नाही, पुसता येणार नाही, आमच्या प्रोग्रामरलाही नाही. चाचणीच्या अ‍ॅपमध्ये हे चालूसुद्धा झालंय. ठेकेदार म्हणाला, हे मात्र झकास केलंत. साहेब म्हणाले की चाचणीची पार्सलं आता तुमच्याच गाडीने जाऊ द्या, आमच्या सगळ्यांच्या घरचे पत्ते त्यात भरलेलेच आहेत, आपण पाठवतो ते ग्राहकाला कसं मिळतं ते आम्हालाही कळू दे. ही कल्पनाही कारणबाईचीच. ठेकेदार म्हणाला, आजच सुरू करू की.

मग तिने त्याला सहज विचारलं की तुम्ही आधी काय करत होता. आधी मोठे ट्रक होते, तो म्हणाला, गावोगाव माल न्यायचे. ते सोडून हे घरोघरचं काम का घेतलं, असं तिने आपलं सवयीने विचारलं.

"लोकांची दारं बघायला मिळतात," तो म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली.

चहा आला. ठेकेदार कप घेऊन उठला आणि भिंतीवरची चित्रं बघत बघत पुढे सरकू लागला. आजोबांपुढे थांबला, कॉलेजकुमारापुढे थांबला. डावखुरीपुढे आला आणि तिथेच उभा राहिला. चहा संपला तरी उभाच. कारणबाईला वाटलं, अक्षर लागत नसेल. तेवढ्यात तो वळला आणि अगदी मायेने, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलला.

"ही साबण अख्खा नाही वापरणार. दोऱ्याने कापून अर्धा ठेवून देणार."

भिंतीवर साबण बिनवासाचा होता, अर्धा नव्हता. दोऱ्याचं तर तिने कुठेच लिहिलं नव्हतं. पण रोज सकाळी न्हाणीघराच्या कोनाड्यात कारणबाई ती अर्धी वडी बघायची, दोऱ्याने कापलेली, कड कशी सरळसोट. आई त्यावरून धाकटीला चिडवायची. ट्रक, दारं, साबण, सगळं एका झटक्यात जुळलं. हातातलं पेन टेबलावर ठेवायला गेली ते खाली पडलं. ते ठेकेदारानेच वाकून उचलून दिलं.

मॅनेजरबाई म्हणाल्या, अगं बाई, आमच्या आजीपण असंच करायच्या. त्यांना गंमत वाटली. साहेबांना त्याहून जास्त. आमची कारणबाई हवेतून माणसं काढत नाही बरं, ते ठेकेदाराला म्हणाले, ही भिंतीवरची सगळी खरी आहेत. कोण गं ही?

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तो तर टक लावून. चार-पाच जणींची मिळून एक केली आहे, ती म्हणाली, दुकानात सर्व्हे केला होता त्यातून. मॅनेजरबाईंनी भुवया उंचावल्या, सर्व्हे कधी झाला आमच्या दुकानात? तुमच्या नाही, कारणबाई म्हणाली, गेल्या वर्षी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कामासाठी. स्वतःचा आवाज तिला कुणा तिऱ्हाइताचा वाटत होता.

"असं होय," ठेकेदार म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, भिंतीचा एक फोटो घेऊ का म्हणून साहेबांना विचारलं, आमच्या पोरांना सूचना शिकवायला बरं पडेल. खुशाल घ्या, साहेब म्हणाले. मग साहेबांनी चाचणीचं अ‍ॅपही त्याच्या फोनवर चढवून दिलं, नावानिशी सगळे पत्ते त्यात होतेच. सगळ्यांना नमस्कार करून, आणलेली खुर्ची पुन्हा शेजारच्या खोलीत ठेवून तो गेला.

खोली रिकामी झाल्यावर कारणबाईने आधी ते चित्र ओरबाडून काढलं. मग जवळजवळ धावतच प्रोग्रामरच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली की चाचणीतला माझा पत्ता काढून टाक. प्रोग्रामर खुर्चीत मागे रेलला. आयती संधी मिळाली होती बिचाऱ्याला. कारण सांगा, कारणबाई, तो म्हणाला. एरवी ती हसली असती. खरं कारण सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण सांगितलं की ते साहेबांकडे जाणार, साहेबांकडून चहाच्या टेबलावर, आणि तिथून कुठे कुठे. धाकटीच्या गावातल्या चौकीत तक्रार दिली तेव्हा तिथल्या माणसाने तक्रार घेतली आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्याबरोबरच चहा प्यायला, हे आईने तिला सांगितलं होतं. पत्ता चुकलाय, एवढंच ती म्हणाली. त्याने तिच्यासमोर दोन-तीन बटणं दाबली आणि झालं म्हणाला. तिच्या जिवात जीव आला.

घरी जाताना तिने काय नाही केलं. एक बस सोडली, उलट्या दिशेची घेतली, मध्येच उतरली, बाजारात शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडली. इस्त्रीचा शर्ट दिसला की ती वाट बदलायची, आणि त्या गर्दीत इस्त्रीचे शर्ट काय कमी होते! गल्लीच्या तोंडाशी ती पानाच्या टपरीआड उगीच उभी राहिली. मागे कुणी नव्हतं. ऊन अजून भिंतींवर होतं, पोरं खेळत होती. दोनदा टकटक, थांबून एकदा. चिमणीने दार उघडलं, आपलं माणूस म्हणून पायांना मिठी मारली, आणि कारणबाईला तिथेच रडू फुटलं.

आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती, धाकटी शिलाईला बसली होती. कारणबाईने चिमणीला खेळायला बसवलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. भिंतीवरचं चित्र, त्याखालचा मजकूर, काही लपवलं नाही. धाकटी रागावेल असं तिला वाटलं होतं, रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती ऐकत राहिली. ट्रक सोडून घरोघरचं काम घेतल्याचं आलं तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. घरोघर जायचं काम तो हलकं समजायचा, ती म्हणाली, आता माझ्यासाठी घेतलंय त्याने ते. चूक झाली माझी, कारणबाई म्हणाली, पण मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही, सर्व्हेचं सांगितलं, पत्ताही काढायला लावला.

"त्याने साबणाचं म्हटलं तेव्हा तू काय विचारलंस?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे?"

"तुला कसं ठाऊक, असं विचारलंस का?"

कारणबाईने आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं. कुणी कल्पनेतली बाई साबण दोऱ्याने कापते, हे या माणसाला कसं कळलं, असं भिंतीपुढचं कुणीही हसत हसत विचारलं असतं. आणि ही तर कारणबाई. सबंध दुपारभर तिने त्याला शब्दाशब्दाला का विचारलं होतं, आणि नेमकं त्या एका वाक्यावर तिच्या तोंडातून ब्र निघाला नाही. प्रश्न विचारून जीव खाते, हे साहेबांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो वाकून पेन उचलताना वर बघून हसला होता, तेही आता तिला आठवलं.

"कळलं त्याला," धाकटी म्हणाली. तिने पलंगाखालची पिशवी ओढली आणि चिमणीचे कपडे भरायला घेतले. पत्ता कसा कळेल, पत्ता मी काढलाय, असं कारणबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आईने हात पुसले आणि ती फोन शोधायला लागली, इथल्या चौकीचा नंबर कुठे लिहून ठेवला होता ते तिला आठवेना.

तेवढ्यात कारणबाईचा फोन वाजला. तिने बघितलं. तुमचं पार्सल दाराशी आलं आहे. हे वाक्य तिनेच लिहिलं होतं. आधी तिला कळेचना, पत्ता तर डोळ्यांदेखत पुसला होता. मग कळलं. पार्सल निघाल्यावर पत्ता कुलूपबंद. नंतर कुणालाही पुसता येणार नाही, प्रोग्रामरलाही नाही. त्याने पुसला तो पुढच्या पार्सलांचा. हे आधीच गाडीत चढलं होतं.

दारावर दोनदा टकटक झाली. थोडं थांबून एकदा.

ती खूण ठाऊक असलेली चारही माणसं घरातच होती. पण चिमणीला एवढं कुठलं कळायला. आपलं माणूस, आपलं माणूस, करत ती सुटली. धाकटीच्या हातात पिशवी तशीच राहिली. कारणबाई झेपावली आणि पोरीचा हात कडीवर पडता पडता तिने तिला मागे ओढलं, छातीशी धरलं. शू, ती कानात म्हणाली, उघडायचं नाही.

"का?" चिमणीने विचारलं, तिच्या त्या खणखणीत आवाजात.

बाहेरची टकटक थांबली. मग दाराबाहेरच्या मेलेल्या बेलचं बटण आत गेल्याचं कट् ऐकू आलं, आणि ते वर येण्याची वाट बघत सगळ्या उभ्या राहिल्या, पण ते वर आलं नाही.